सोंगांची क्रमवारी

मार्गशीर्ष लागला की आमच्या कचेरीसमोरच्या बाभळी पांढऱ्या होऊ लागतात. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या वरपर्यंत भरलेल्या असतात. रस्त्याकडेच्या काट्यांना त्यांचा कापूस अडकत जातो, आणि पंधरा दिवसांत झाडाचे केस पिकल्यासारखे दिसतात. हवेत सरकीचा तेलकट वास असतो. सकाळी टाक हातात धरवत नाही, आणि दुपारी कडुलिंबाखालची सावली आपण होऊन सोडून उन्हात सरकून बसावेसे वाटते. मला हा ऋतू फार आवडत असे. अलीकडे तो आला की मी खाली मान घालून लिहीत राहतो.

काल त्या बाभळीखालून खाकी कपड्यांतला एक हवालदार शिट्टी फुंकीत आला. मिशा कानापर्यंत, पट्ट्याला लाकडी पिस्तूल. आवारात ताटकळत बसलेल्या माणसांसमोर उभा राहून तो गरजला, "उठा रे समदे! साऱ्यांच्या नावानं वारंट हाये! लगन करून बायकोले न इचारता घरी आनल्याबद्दल!" कोपऱ्यातली एक म्हातारी तंबाखू मळता मळता म्हणाली, "मले बी घेऊन चाल बापा. तिथं दोन टायमाचं जेवन तं भेटन." सगळे आवार हसले. हवालदार तिच्यापुढे वाकून सलाम करून पुढे गेला.

समोरच्या चहाच्या हॉटेलातून रहीमभाईंनी हाक दिली. "क्या मुनशीजी, बहुरूपी आ गए. इस साल नंबर नहीं लगाते क्या?"

मी म्हणालो, "आता ते काम मी सोडले."

"अरे, सब लोग पूछते," ते म्हणाले. पण माझ्या तोंडाकडे पाहून गप्प झाले आणि उगाच स्टोव्हला पंप मारू लागले. ते गप्प का झाले, हे त्यांना आणि मला ठाऊक आहे. आज ते इतरांनाही कळावे, अशा हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

मी अर्जनवीस आहे. परवानाधारक. सातवीच्या परीक्षेला बसलो होतो. उरलेले शिक्षण कचेरीच्या ओट्यावर, मोठमोठ्या वकिलांची निवेदने नकलून झाले. 'सदरहू', 'उपरोक्त', 'सबब' हे शब्द मी ज्या जागी योजतो तेथून ते हलवता येत नाहीत, असे एका निवृत्त नायबसाहेबांनी चारचौघांत म्हटले होते. माझे अक्षर कारकून लांबून ओळखतात. ही आत्मस्तुती नव्हे. पुढे जे घडले ते एखाद्या अडाणी माणसाच्या हातून घडले नाही, एवढे ध्यानात यावे म्हणून सांगितले.

आमच्याकडे बहुरूप्यांची तीन घराणी येतात. त्यांनी गावे आपसांत वाटून घेतलेली असतात. आजोबांपासून चालत आलेली ही वाटणी कोठेही लिहिलेली नाही, पण एकाच्या गावात दुसरा पाय ठेवीत नाही. आमचे गाव तालुक्याचे, म्हणून ते तिघांचे सामाईक. प्रत्येकाने एकेक आठवडा घ्यायचा. चार दिवस चार सोंगे काढायची आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या धोतरात, खांद्याला झोळी लावून दारोदार यायचे. तेव्हाच कोणी धान्य, कोणी जुना सदरा झोळीत टाकतो. सोंगात असताना काही मागायचे नाही, हा त्यांचा नियम.

रिसोडकडच्या घराण्याचा प्रमुख दौलत. उंच, सडपातळ, आणि गाल असे बसलेले की त्यांवर कोणताही चेहरा चढवावा. धनजकडचे दोघे भाऊ जोडीनेच सोंग आणीत. एक बाळंतीण झाला की दुसरा सुईण होई. तिसरे घराणे गाढवांवर पाल लादून दक्षिणेकडून येई. त्यांची मराठी कच्ची, पण वेश असा की शिलाईसुद्धा खरी वाटावी. या तिघांत श्रेष्ठ कोण, यावर रहीमभाईंच्या बाकांवर दरसाल वाद माजे. वाद निर्णयास न्यायचा तर लेखी हवा, असे माझे मत. म्हणून मी क्रमवारी लिहू लागलो. फूलस्केप कागद, लाल शाईचे रकाने. वेश, वाणी आणि धीर असे तीन विषय. प्रत्येकास दहापैकी मार्क आणि शेवटी 'शेरा'. हा कागद रहीमभाई चहाच्या बरण्यांमागच्या भिंतीला डिंकाने चिकटवीत, आणि खेड्यांतून कामाला आलेले लोक तो कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेत.

धीर हा विषय मी मुद्दाम ठेवला होता. वेश शिंपी देतो, वाणी जन्माने येते. परंतु लोक ओळखल्यावरही, हसल्यावरही, अंगावर पाणी फेकल्यावरही सोंग न सोडणे ही खरी विद्या. ज्या वर्षी दौलत कुटुंबनियोजनाचा डॉक्टर होऊन आला, त्या वर्षी रहीमभाई बाक ओलांडून मागच्या दाराने पळाले होते. गल्लीच्या टोकाशी कोणी तरी त्यांना सांगितले की तो दौलत आहे. ते परत येऊन त्याच्यावर ओरडले, आणि दौलतने तितक्याच शांतपणे वही उघडून विचारले, "नाव सांगा. पळून जानाऱ्याचं आधी करतो आमी." त्याला मी धीराचे दहापैकी दहा दिले होते.

पुढच्या वर्षी दौलतने माझीच पाळी आणली. काळा कोट, चष्मा, बगलेत फाइल, आणि मागे एक चपराशी. माझ्या लिहिण्याच्या पेटीसमोर उभा राहून तो म्हणाला, "परवाना दाखवा." मी उठलो. हात जोडले. पेटीतला परवाना काढून दोन्ही हातांनी पुढे केला. तो त्याने उलटा धरून वाचला, आणि तरीही मला संशय आला नाही. शेवटी तो म्हणाला, "अक्षर चांगलं हाये, पन मानूस वाकडा उभा राह्यते." चपराशी खुदकन हसला. आवार हसले. कचेरीच्या खिडक्यांतून कारकून हसले. चार महिने मला कोणीही भेटले की म्हणे, "मुनशीजी, परवाना?"

त्या दिवसापासून मी ठरवले की पुन्हा कोणतेही सोंग मला फसवू शकणार नाही. मी माणसांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. नवा माणूस पेटीजवळ आला की आधी त्याच्या मिशीचे मूळ पाहायचे, मग कपड्याची शिवण, मग हात. बहुरूप्याचे हात मऊ असतात, असा माझा सिद्धान्त होता आणि तो मी इतरांनाही समजावून सांगत असे.

ज्या ऋतूविषयी मी लिहीत आहे, तो त्याच्या पुढल्या वर्षीचा. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. तुरी फुलावर होत्या आणि अनसिंगकडून येणाऱ्या गाड्यांत ज्वारीची कणसे हुरड्यासाठी येत होती. रहीमभाई चुलीच्या निखाऱ्यावर ती भाजून देत. कचेरीत गर्दी फार होती. सिलिंगच्या कायद्यात जमीनदारांकडून निघालेली जमीन भूमिहीनांना वाटायची होती, गावोगाव याद्या लागल्या होत्या, आणि ज्याची हरकत असेल त्याने लेखी अर्ज द्यायचा होता. हरकतींची मुदत एका सोमवारी सायंकाळी पाचला संपत होती. मी सकाळपासून अर्ज लिहीत होतो. 'अर्जदार हा अत्यंत गरीब, निराधार व मोठ्या कुटुंबाचा पोशिंदा असून', ही ओळ मी त्या दिवशी किती वेळा लिहिली असेल कोण जाणे. समोरच्याला किती मुले आहेत हे विचारण्याचीही गरज पडत नसे.

त्याच आठवड्यात दौलतची पाळी होती. गुरुवारी तो पोस्टमन होऊन गेला, शुक्रवारी वैद्य, शनिवारी मुलगी पाहायला आलेला नवरदेवाचा मामा. रविवारी कचेरी बंद असल्याने चौथे सोंग सोमवारवर आले होते. अख्खे आवार त्याची वाट पाहत होते आणि मी त्याला पकडण्यासाठी टपून बसलो होतो.

साडेतीनच्या सुमारास पन्नाशीचा एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला मळकट फडके, ओठांवर पिकलेली दाट मिशी. त्याने पेटीसमोर उकिडवे बसून म्हटले, "जयभीम मुनशीजी. एक अर्ज लिवून द्या."

"कशाबद्दल?"

"मी जिता हाओ म्हून."

मी टाक खाली ठेवला. "काय?"

"यादीत मले मेला दाखवलं जी. सुदाम वल्द कचरू, मयत, असं लिवलं हाये. आमच्या गावात दुसरा सुदाम होता, तो आखाडात मेला. मी हा असा जिता हाओ. नाल्याकाठची चार एकर माह्या नावानं निघाली होती. साहेब म्हन्ते, जिता असशील तं लेखी आन."

हे शब्द जसेच्या तसे मला आजही ऐकू येतात. त्यांत कोठेही गुंतागुंत नाही. मी लिहिलेल्या शेकडो अर्जांपैकी एकही अर्ज इतका स्वच्छ नव्हता. परंतु मी काय ऐकले? मी ऐकले की एक मेलेला माणूस जिवंत असल्याचा अर्ज लिहून मागतो आहे. असली कल्पना दौलतशिवाय कोणाला सुचणार! माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. मी उभा राहिलो आणि हॉटेलकडे तोंड करून ओरडलो, "रहीमभाई! सापडला! चौथे सोंग सापडले! मेलेला माणूस!"

लोक धावत आले. रहीमभाई हातातले फडके तसेच घेऊन आले. "वा रे वा! मुर्दा चाय पिएगा?"

सुदामने आजूबाजूला पाहिले. तो गोंधळला होता. पण खेड्यातला माणूस कचेरीत आपल्यावर हसले जाण्याला सरावलेला असतो. तो म्हणाला, "पाजसान तं पेईन. पन आंधी अर्ज."

हशा उसळला. मी म्हणालो, "धीर बघा, धीर! चेहऱ्यावर रेषा हलली नाही!"

"म्या काही केलं काय जी?" त्याने मला विचारले. "हात लावून पाहा ना. जिता हाओ." आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांवर कापसाच्या बोंडांचे ताजे ओरखडे होते, काहींवर रक्त सुकलेले. मऊ हातांचा माझा सिद्धान्त त्या क्षणी माझ्यासमोर मोडून पडला होता. मी ओरखड्यांकडे पाहून म्हणालो, "रंगकाम उत्तम आहे."

मग मी त्याची मिशी ओढली.

हे वाक्य लिहिताना मी बराच वेळ थांबलो. मी ती चिमटीत धरून जोराने ओढली. सुटेल, हातात येईल आणि गेल्या वर्षीचा हिशेब चुकता होईल, अशा खात्रीने ओढली. ती सुटली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. आणि मी, परवानाधारक अर्जनवीस, लोकांकडे वळून म्हणालो, "डिंक बाभळीचा नसावा. आणि डोळ्यांत पाणी! धीर दहापैकी दहा!"

त्याने मिशीवर हात ठेवला. मग म्हणाला, "तुमी हसून घ्या. मंग लिवा. मी थांबतो." तो माझ्या पेटीच्या डाव्या बाजूला लिंबाच्या खोडाला टेकून बसला.

तो तेथे जवळजवळ तासभर बसला होता. दुसरे अर्जनवीस त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. मी एकामागून एक अर्ज लिहीत होतो आणि मधून मधून त्याच्याकडे पाहून हसत होतो, जसे एक जाणकार दुसऱ्या जाणकाराकडे पाहून हसतो. साडेचारला तो पुन्हा पुढे सरकला. "मुनशीजी, पाचले साहेब उठते."

"दौलत, आता सोंग सोडलेस तरी चालेल. पहिला नंबर तुझाच."

"मी दौलत नाही जी. सुदाम."

"असे! शेवटपर्यंत असेच राहा!"

तो उठून कचेरीच्या दाराशी गेला. तोंडी काही सांगितले असावे. आतून आलेले "लेखी आण" हे शब्द मला ऐकू आले. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. दुसऱ्या कोणाला लिहिता येते का, असे आवारात विचारीत फिरला. परंतु त्याने तोंड उघडले की लोक हसत, कारण तो मेलेल्या माणसाचे सोंग आहे हे मी सर्वांना सांगून ठेवले होते. पाच वाजले. दार ओढले गेले. तो माझ्या पेटीवरून जाताना थांबला आणि म्हणाला, "येतो मुनशीजी." एवढेच. उन्हे कलली होती, कापसाच्या गाड्या परत फिरत होत्या, आणि एका रिकाम्या गाडीवाल्याने त्याला मागे बसवून घेतलेले मी पाहिले. त्याने दोन्ही हात मांडीत धरले होते.

त्या संध्याकाळी मी क्रमवारी लिहिली. रिसोडकडचे घराणे, प्रथम. सोंग, 'मेलेला माणूस'. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'प्रस्तुत सोंग इतके हुबेहूब होते की सामान्य मनुष्य ते खरेच मानता. तथापि निम्नस्वाक्षरीकाराने ते तत्काळ ओळखले.'

पुढे काही दिवस दौलत दिसला नाही, आणि याचे कोणालाही आश्चर्य वाटले नाही. चौथे सोंग झालेच होते. गुरुवारी तो आला. स्वतःच्या धोतरात, झोळी घेऊन, तोंडावर रंगाचा ठिपकाही नाही. हॉटेलात शिरताच लोकांनी "मुर्दा आला, मुर्दा आला!" म्हणून गिल्ला केला. त्याला काही उमजले नाही. रहीमभाईंनी भिंतीवरचा कागद दाखवला आणि मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मी वाचत असताना त्याचा चेहरा बदलत गेला. मला वाटले, स्तुतीने संकोचला.

"हे सोंग माह्यं नाही," तो म्हणाला.

"अरे, आता कशाला लपवतोस?"

"मुनशीजी, मी सोमवारी अनसिंगले होतो, पोरीकडं. तिले ताप होता म्हून चौथं सोंग राहून गेलं, तेच सांगाले आलो. अन् आमच्यात मेलेल्याचं सोंग घेतच नाहीत. माह्या बापानं नाही घेतलं, आज्यानं नाही घेतलं." त्याने झोळी खाली ठेवली. "कोन होता तो मानूस?"

स्टोव्ह तेवढा सूं सूं करीत होता. कोणी तरी म्हणाले, "त्याच्या मिशीले तं मुनशीजीनं..." आणि वाक्य तेथेच सोडले.

दौलतने भिंतीवरचा कागद हळूच नखाने उचकटला, घडी करून माझ्या हातात दिला. "हा पहिला नंबर आमाले नको. त्या मानसाले शोधा आंधी."

मी शोधले. यादीत पाहिले: सुदाम वल्द कचरू, मयत. मग सायकल काढून नदीपलीकडच्या त्याच्या गावी गेलो. वाटेभर तुरीची पिवळी शेते आणि वर मोठे निळे आभाळ. असल्या दिवसांवर मी पूर्वी मनातल्या मनात सुंदर वाक्ये रचीत असे. त्या दिवशी मी एकच रचीत होतो: काय बोलायचे. पोचेपर्यंत ते जुळले नाही.

सुदामचे घर विहाराच्या पलीकडे होते. त्याची बायको अंगणात कापसातला कचरा वेचीत बसली होती. मी नाव सांगितले तशी ती उठली. "हेच का ते मिशी ओढनारे?" ती म्हणाली. "काहून आले? राह्यली का अजून येखादी? घरात माह्या सासऱ्याचा फोटो हाये, त्याले बी मिशी हाये. आनू काय?"

"गिरजे," आतून सुदामचा आवाज आला, "बसू दे त्याईले."

त्याने मला पाणी दिले. मी प्यायलो. मी म्हणालो की चूक झाली, मी तुम्हाला दुसराच समजलो. तो म्हणाला, "हो, समजलं मले मागून. बहुरूपी." बाहेर गिरजाबाई कापूस झटकीत होत्या, प्रत्येक झटका मला ऐकू येत होता.

"जमिनीचे काय झाले?" मी विचारले.

"गेली. खालच्या नंबरवाल्याले भेटली. तो बी आपल्यासारखाच हाये, त्याचं काही नाही." तो जमिनीकडे पाहत होता. "नाल्याकाठी होती जी. मी दोनदा पाहून आलतो. गोटे लय होते. हिच्याशी बोललो बी होतो, का पहिल्या साली गोटेच वेचू."

मी म्हणालो, अपील करता येते. मी लिहून देतो. विनामूल्य. आणि आश्चर्य असे की त्याचा चेहरा उजळला. माझ्यावर विश्वास ठेवण्याचे त्याला काहीही कारण नव्हते. पण मी लिहिता येणारा माणूस होतो, आणि त्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि मी आयुष्यातला सर्वांत चांगला अर्ज लिहावयास बसलो. या वेळी मी त्याला सगळे विचारले. मुले किती, कोणाच्या शेतात काम करतो, दुसरा सुदाम कधी मेला, ओळखणारे साक्षीदार कोण. बावीस वर्षांच्या व्यवसायात मी प्रथमच माणसाचे ऐकून अर्ज लिहीत होतो. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी आजवर सर्वांना एकच वेश चढवीत आलो होतो, गरीब, निराधार, पोशिंदा. आणि जो वेशाशिवाय आला त्याला मी सोंग म्हणालो. असे वाटले की या एका अर्जाने सारे धुऊन निघेल.

मग अर्जात ते कलम आले, जे मुदतीनंतरच्या प्रत्येक अर्जात येते. विलंबाचे कारण.

खरे कारण एका ओळीचे होते: अर्जदार मुदतीत हजर होता, परंतु अर्जनवीसाने त्यास बहुरूपी समजून अर्ज लिहिण्यास नकार दिला. ही ओळ मी मनात पूर्ण रचली होती. ती साहेबांच्या पुढ्यात जाईल, कारकून ती एकमेकांस वाचून दाखवतील, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ती कोणी काढील, आणि "मुनशीजी, परवाना?" हे शब्द पुन्हा सुरू होतील, तेही थट्टेत नव्हे, हे सारे मला दिसले. टाक दौतीत बुडवून मी लिहिले: 'सदरहू विलंब हा अर्जदाराच्या अज्ञानामुळे घडलेला असून तो क्षम्य समजण्यात यावा.'

सुदाम अंगठेबहाद्दर नव्हता. विहारात संध्याकाळी चालणाऱ्या वर्गात तो अक्षरे शिकला होता. सही करण्याआधी त्याने कागद घेतला आणि बोट ठेवून वाचू लागला. मी म्हणालो, "सगळे बरोबर आहे, करा सही." तो वाचतच राहिला. त्या ओळीवर त्याचे बोट थांबले.

"अज्ञान म्हंजे, न समजनं ना?"

"हो."

"अन् अर्जदार म्हंजे मी."

"हो."

त्याने वर पाहिले. मी पेटीतल्या टाचण्या सारख्या करीत होतो. मग त्याने उलटा धरलेला टाक सरळ केला आणि एकेक अक्षर सुटे काढीत सही केली.

निकाल यायला शिमगा उलटला. बाभळी पुन्हा हिरव्या झाल्या होत्या, आवारात ऊन तापत होते आणि लोक सावलीसाठी भांडत होते. आदेशाची प्रत घेऊन सुदाम माझ्याकडे आला. सरकारी अक्षर त्याला लागत नव्हते. मी वाचून दाखवले. अर्जदार जिवंत असल्याचे पुराव्यावरून सिद्ध होते, सबब नोंद दुरुस्त करावी. तथापि मुदतीचे अज्ञान हे विलंबाचे पुरेसे कारण नसल्याने, व अन्य कोणतेही कारण नमूद नसल्याने, अपील नामंजूर.

'अन्य कोणतेही कारण नमूद नसल्याने' हे शब्द मी भरभर वाचले.

"म्हंजे कागदावर मी जिता झालो?" त्याने विचारले.

"झालात."

"बरं." त्याने कागद माझ्या हातून घेतला, चार घड्या केल्या आणि फडक्याच्या टोकाला बांधला. जायला उठला, आणि पुन्हा बसला. आवाजात राग नव्हता, एखाद्याने औषध विचारावे तसे त्याने विचारले, "मुनशीजी, एक सांगा. जे झालं ते तसंच्या तसं लिवलं असतं, तं जमली असती काय गोष्ट?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. मिशीच्या डाव्या अंगाला, जेथे मी धरले होते, तेथे केस विरळ होते, की मला तसे वाटले.

"नाही," मी म्हणालो. "काही फरक पडला नसता."

त्याने मान हलवली. त्याला हलके वाटले असावे, कारण जाताना तो रहीमभाईंकडे थांबून चहा प्यायला.

मी बावीस वर्षे अर्ज लिहीत होतो. अर्जनवीसाच्या चुकीने झालेला विलंब माफ झालेली प्रकरणे मी स्वतःच्या हाताने नकललेली आहेत. फरक पडला असता.